निळ्यावरचा हिरवा

मनुष्याला जसे चार आश्रम सांगितले आहेत तसेच ते लष्करी ट्रकलाही आहेत, ही गोष्ट मरोळच्या औद्योगिक वसाहतीत काही काळ बसल्यावाचून ध्यानात येत नाही. ट्रकचे ब्रह्मचर्य कारखान्यात पार पडते, गृहस्थाश्रम सरहद्दीवरच्या घाटांत. पुढे एखाद्या डेपोच्या कुंपणाआड, चाकांतून गवत उगवेपर्यंत, तो वानप्रस्थ भोगतो. अखेर लिलावाची नोटीस निघते आणि भंगारवाल्याच्या गॅसकटरखाली त्याला संन्यास मिळतो. हा क्रम शास्त्रशुद्ध आहे आणि त्याबद्दल कोणत्याही ट्रकने कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही. परंतु चौथ्या आश्रमाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या या विरक्तांना हात धरून पुन्हा संसारात आणणारे एक गृहस्थ मरोळमध्ये राहतात. त्यांचे नाव ह्युबर्ट मिरांडा.

मिरांडा मरोळ गावठाणातले. वाडवडिलांची भातशेती होती. तिच्या जागेवर आता काचेच्या इमारती उभ्या आहेत आणि त्यांच्या शेजारून मेट्रो जाते. तरुणपणी ह्युबर्ट फौजेच्या भरतीला गेले होते. तेथील डॉक्टरांनी त्यांचे तळपाय सपाट असल्याचे सांगून त्यांना परत पाठवले. त्याच सपाट तळपायांनी पुढे ते जन्मभर लष्करी ट्रकांचे क्लच दाबत आले, आणि क्लचने कधी त्याविषयी शेरा मारला नाही.

ते जिथे नोकरीला होते तो वसाहतीतला कारखाना बंद पडल्यावर त्यांनी तिथेच एक गाळा घेतला आणि लिलावातून बाद झालेले ट्रक आणून ते उभे करण्याचा धंदा मांडला. त्यांची पद्धत मंदिराच्या जीर्णोद्धारासारखी होती. ट्रक आला की पहिला दिवस त्याला कोणी पाना लावायचा नाही. ह्युबर्ट कपाळावर, छातीवर आणि खांद्यांवर क्रूसाची खूण करीत, बॉनेटवर तळहात ठेवीत आणि गाडीभोवती सावकाश फिरत. जो भाग दुरुस्त होऊ शकतो तो बदलायचा नाही, हा त्यांचा नियम. गंजलेला फाळका ते तासून, ठोकून, पुन्हा तोच बसवीत. नवा करून घेणे स्वस्त पडले असते. गिअरबॉक्सचा एखादा दात झिजला असेल तर शेजारच्या लेथवर नवा भरून घेत आणि बाकीचे दात जुनेच ठेवीत. दिलेली तारीख त्यांनी सहसा पाळली नाही. दिलेला ट्रक मात्र सहसा परत आला नाही.

त्यांच्या साऱ्या ट्रकांत एकच असा होता, जो त्यांनी विकायला काढला नाही. लांब नाकाचा, ज्या जातीच्या गाड्यांना शक्तिमान म्हणत त्यांपैकी एक. तो त्यांच्या गाळ्यात आला तेव्हा त्याच्या केबिनमध्ये कोंबडीने घर केले होते. ह्युबर्टनी कोंबडीला मुदत दिली, पिल्ले बाहेर पडू दिली, आणि मग कामाला हात घातला. त्या कामात कैक पावसाळे गेले.

या कामात त्यांना साथ होती सहदेव परबांची. सहदेव मालवणकडचे, वडील परळच्या गिरणीत होते, कुटुंब आता मुलुंडला. स्वतः सहदेवांनी फौजेत नोकरीचा सारा काळ असलेच ट्रक चालवले होते आणि निवृत्त झाल्यावर ते मुलुंडहून बसने मरोळला येऊ लागले. भक्तीच्या दृष्टीने पाहता दोघांची भूमिका अगदी उलटी झाली होती. ज्याला फौजेने घेतले नाही तो त्या ट्रकपुढे नतमस्तक होई, आणि ज्याने त्या ट्रकखाली झोपून हिवाळे काढले तो चहा पिता पिता त्याच्या टायरला लाथ मारून हवा पाही.

"अर्धो जन्म काढलंय मी ह्या रंगात," सहदेव एकदा म्हणाले. "तुका हेच्यात देव दिसता. माका चिखलात ढकलूची गाडी दिसता."

"तू भक्त नाहीस रे सहदेव," ह्युबर्ट शांतपणे म्हणाले. "तू पुजारी होतास. पुजाऱ्याला देव कुठे दिसतो?"

आता रंगाविषयी सांगणे प्राप्त आहे, कारण पुढचे सारे त्याच्यावरच उभे आहे. आपल्या देशात खासगी वाहनाला लष्करी हिरवा रंग देता येत नाही. तो संरक्षण दलांसाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे ह्युबर्टनी शक्तिमानचा प्रत्येक नट मूळच्या जागी बसवला, प्रत्येक दिव्याची काच मूळच्या घडणीची मिळवली, आणि शेवटी त्याला रंग दिला तो कायद्याला चालणारा स्वच्छ निळा. समाधिस्थ योग्याला बॅण्डवाल्याचा कोट चढवावा तसे ते त्यांना वाटले. कागदोपत्री ट्रक निळा नोंदला गेला. ह्युबर्टनी तो मान्य केला, त्यावर प्रेम केले नाही.

त्यावर त्यांना एक वाट सापडली ती चित्रपटांमुळे. गोरेगावच्या चित्रनगरीत युद्धपटांना असले ट्रक लागतात, आणि ते हिरवे लागतात. ह्युबर्टनी त्यासाठी एक मिश्रण सिद्ध केले. भिंतीला देतात तसला डिस्टेंपर, त्यात काळा आणि पिवळी माती योग्य प्रमाणात, आणि चिकटपणासाठी नावापुरता सरस. चित्रनगरीच्या कुंपणाआत गेल्यावर हा लेप निळ्यावर चढवायचा आणि चित्रण संपले की तिथेच धुऊन टाकायचा. सरस वाढवला असता तर लेप पक्का बसला असता, पण उतरवताना घासावे लागले असते आणि खालचा तेलरंग दुखावला असता. म्हणून सरस जवळजवळ नाहीच. "बाईने ओंजळभर पाणी मारलं तरी उतरेल," असे ते अभिमानाने सांगत. छटा इतकी अचूक होती की सहदेव पहिल्यांदा ती पाहून नकळत टोपी सारखी करू लागले, आणि ते लक्षात आल्यावर दिवसभर चिडलेले राहिले.

चित्रपटवाल्यांना मात्र त्या अचूकपणाचे सोयरसुतक नव्हते. कलादिग्दर्शक येई, ट्रककडे पाही, फार नवा दिसतो म्हणे, आणि कामगारांकडून त्यावर चिखल फेकवी. एकाच दिवशी सकाळी शक्तिमान आपल्या सैन्यात असे आणि दुपारी नंबरपट्टी बदलून शत्रूच्या. स्वतःचाच पाठलाग करून स्वतःलाच उडवून देण्याचा योग त्याला अनेकदा आला. हे सगळे पाहत ह्युबर्ट झाडाखाली बसून राहत. लेप लावून झाल्यापासून चिखल पडेपर्यंतचा जो थोडा वेळ मिळे, त्यात ट्रक त्यांना हवा तसा दिसे. तेवढ्यासाठी ते जात.

अशी व्यवस्था लागली असताना गाळ्यांच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला. सर्वांना दिवाळीपूर्वी जागा रिकामी करायची होती. ह्युबर्ट आता सत्तरीकडे आलेले. नवा गाळा घेण्याची उमेद त्यांना राहिली नव्हती आणि हत्यारे तर घराच्या माळ्यावर मावणार होती. प्रश्न एकट्या शक्तिमानचा होता. गावठाणाच्या गल्लीत तो शिरत नव्हता. रस्त्यावर उभा केला तर पालिका उचलून नेणार. भंगारवाला दोनदा येऊन गेला आणि दुसऱ्या वेळी सोबत टेप आणून त्याने लांबी मोजली. ह्युबर्टनी त्याला चहा दिला, पण त्या दिवशी जेवले नाहीत.

जागा एकच होती. चर्चच्या मागे गावाचे जुने खळे आहे. कधीकाळी तिथे भात झोडपत. आता रविवारी गाड्या उभ्या राहतात. त्याच्या कोपऱ्यात आंब्याखाली शक्तिमान आरामात राहिला असता. ह्युबर्टनी गावच्या समितीकडे विनंती केली. समितीने विचार करून एक तोड काढली. ऑक्टोबरात आगेरा येतो. नव्या भाताच्या पहिल्या पेंढ्या शेतातून वाजतगाजत चर्चमध्ये नेऊन अर्पण करण्याचा हा आमच्या उपनगरांतल्या ख्रिस्ती गावांचा सण. पूर्वी पेंढ्या बैलगाडीतून जात, आणि मरोळची शेवटची बैलगाडी ह्युबर्टच्या वडिलांचीच होती. त्यानंतर भाड्याचा टेम्पो येऊ लागला. शक्तिमान जर आगेऱ्याची गाडी झाला, तर गावाची वस्तू म्हणून त्याला खळ्यात कायम जागा. न झाला, तर नाही.

येथे ह्युबर्टच्या पत्नी, आयरीनबाई, यांचा प्रवेश होतो. आगेऱ्याच्या पेंढ्या बांधणे, लुगडी नेसून मिरवणुकीत चालणे, हे सारे गावच्या स्त्रियांकडे असते आणि त्या स्त्रिया आयरीनबाईंकडे असतात. बाईंनी समितीसमोर आपली अट सांगितली.

"देवाच्या भाताला बंदुकीच्या रंगाची गाडी नको. निळी आणलीस तर आमच्या पेंढ्या तीत. हिरवी आणलीस तर आम्ही डोक्यावर घेऊन चालत जाऊ."

"निळीच आहे ना ती," ह्युबर्ट म्हणाले.

"तुला मी ओळखते," आयरीनबाई म्हणाल्या, आणि समितीने ते इतिवृत्तात घेतले नाही.

आगेऱ्याच्या आदल्या दिवशी नेमके चित्रनगरीत काम निघाले. दुपारपर्यंत चित्रण आटोपले. धुण्यासाठी नळ होता, नळाला पाणी होते, आणि ह्युबर्ट नळाकडे पाठ करून उभे होते. त्या दिवशी कलादिग्दर्शक आजारी असल्यामुळे कोणी चिखल फेकला नव्हता. ट्रक तसाच, नखशिखान्त हिरवा, उन्हात उभा होता. वडिलांच्या बैलगाडीच्या जागी, सगळ्या गावासमोर, एकदाच हा आपल्या खऱ्या रंगात जावा, एवढीच वासना त्यांच्या मनात आली. मोहाला मोठे रूप लागते असा आपला समज असतो. तो कधी कधी डिस्टेंपरच्या रूपानेही येतो. त्यांनी ताडपत्री मागवली, ट्रक झाकला आणि आरेच्या रस्त्याने मरोळला आणला.

सहदेव शेजारी बसले होते. त्यांनी एवढेच विचारले, की आयरीन काय म्हणेल. ह्युबर्ट म्हणाले, नळाला पाणी नव्हते असे सांगू. सहदेव म्हणाले की खोटे बोलायचे तर निदान पावसाळा नुकताच संपलेला नसताना बोलावे.

रविवारची सकाळ स्वच्छ होती. ह्युबर्टनी उठल्याबरोबर आकाश पाहिले, कारण परतीच्या पावसाचा नेम नसतो आणि लेप ओंजळभर पाण्याचाच होता. ढगाचा मागमूस नव्हता. त्यांनी मोबाईलवरही हवामान पाहिले. आकाशातल्या पाण्याचा असा दुहेरी बंदोबस्त करून, ठेवणीतला कोट चढवून, त्यांनी ताडपत्री काढली. नाक्यावर बंदोबस्ताला उभ्या असलेल्या हवालदाराने तो ट्रक येताना पाहिला, दोन्ही बाजूंची वाहने थांबवली आणि सलाम ठोकला. हा रंग इतरांना का वर्ज्य आहे, याचे इतके सुबोध भाष्य दुसरे सापडायचे नाही. ह्युबर्टनी सलाम स्वीकारला. सहदेव, ज्यांचा त्या सलामावर खरा हक्क होता, बाहेरच्या दुकानांच्या पाट्या वाचीत राहिले.

गावाच्या टोकाला, जुन्या क्रूसामागे, एका इमारतीच्या वाहनतळालगत समितीने सणापुरते भात लावले आहे. तिथे सगळा गाव जमला होता. बॅण्ड होता, मातीचे घुमट वाजवणारे होते, लुगडी नेसलेल्या स्त्रिया पेंढ्या घेऊन उभ्या होत्या. शक्तिमान वळणावर दिसला आणि बॅण्ड आपोआप थांबला.

ह्युबर्टनी खाली उतरून पाण्याची सबब सांगितली. समितीचे अध्यक्ष म्हणाले की अट स्पष्ट होती आणि त्यांनी टेम्पोवाल्याला फोन लावायला घेतला. आयरीनबाईंनी हातातली पेंढी डोक्यावर ठेवली, आणि त्यांच्यामागे एकेक करून बाकीच्या स्त्रियांनी ठेवली. त्या क्षणी ह्युबर्टना आंब्याखालचा कोपरा दूर जाताना आणि टेप घेतलेला भंगारवाला जवळ येताना दिसला असला पाहिजे.

फादर शॉन गावात नवे होते, वयाने तरुण, आणि वाद झाला की त्यावर आधी आशीर्वाद देऊन मग निवाडा करावा अशा मताचे. ते म्हणाले, गाडी आली आहे तर आशीर्वाद घेऊन तरी जाऊ दे. त्यांनी तीर्थाचे भांडे घेतले, शिंपणे बुडवले आणि बॉनेटवर पाणी शिंपडले. नव्या धर्मगुरूचा हात सढळ असतो.

सकाळपासून आकाशाकडे डोळे लावून बसलेल्या ह्युबर्टच्या मनाला हे पाणी शिवले नव्हते. जन्मभर ज्या चर्चमध्ये गेले, जिथे प्रत्येक नव्या गाडीवर, रिक्षेवर, सायकलीवरसुद्धा पाणी शिंपडताना त्यांनी पाहिले, ते तीर्थ त्यांच्या हिशेबात पाणी म्हणून जमाच नव्हते.

थेंब जिथे पडले तिथला हिरवा सुटला आणि खाली ओघळू लागला. ओघळाच्या मागे निळ्या रेघा उमटल्या. फादर शॉन चकित होऊन थांबले. मग, थांबू नये असे वाटून, त्यांनी पुन्हा शिंपडले. बॉनेटच्या मधोमध हातभर निळा उघडा पडला. गर्दीतून कोणी हसले. पण पुढच्या रांगेत नव्वदीच्या इसाबेल आजी काठी टेकून उभ्या होत्या. त्यांनी तो रंग पाहिला आणि क्रूसाची खूण केली.

"वेदीवरच्या माऊलीचा रंग," आजी म्हणाल्या. "आईच्या शालीचा निळा. युद्धाचा रंग देवाने धुतला."

आणि त्या गुडघे टेकू लागल्या. शेजारच्या दोघींनी त्यांना आधार दिला व स्वतःही टेकल्या. डोक्यावरच्या पेंढ्या खाली आल्या. अध्यक्षांनी फोन खिशात ठेवला. फादर शॉन हातात शिंपणे घेऊन असे उभे राहिले, की जणू त्यांच्या शिक्षणक्रमातला हा धडा झाला त्या दिवशी ते गैरहजर होते. चमत्कारापुढे समितीच्या अटी टिकत नाहीत. आणि ज्या ट्रकवर चमत्कार झाला त्याला खळ्यातच काय, वेदीशेजारीही जागा मिळाली असती. ह्युबर्टनी केवळ गप्प राहायचे होते.

त्यांनी प्रयत्न केला. कोटाचे बटण लावले, काढले. बॉनेटकडे पाहिले. इतक्या वर्षांच्या प्रयोगांतून, पिवळ्या मातीच्या चिमट्या वाढवून-घटवून साधलेले ते मिश्रण, ओंजळीत उतरेल आणि खालच्या रंगाला धक्का लागणार नाही असे, ते आता कोणा दुसऱ्याच्या नावावर जाऊ घातले होते. तो दुसरा साक्षात परमेश्वर असला तरी.

"आजी, उठा," ह्युबर्ट म्हणाले. "डिस्टेंपर आहे तो. मी बनवलाय. सरस कमी घातला की असाच उतरतो."

ह्युबर्ट एकदा सुरू झाले ते थांबेनात. नळाला पाणी होते, तेही त्यांनी सांगून टाकले. ट्रक एकदा हिरवा न्यायचा होता, एवढेच. खळ्याची जागा नाही दिली तरी चालेल, हे म्हणताना मात्र आवाज फाटला, कारण चालणार नव्हते.

या कबुलीमागे धर्मबुद्धी किती आणि कारागिराचा अभिमान किती, याचा निवाडा मी करणार नाही. फादर शॉन यांनी तो पुढे प्रवचनात धर्मबुद्धीच्या बाजूने दिला. सहदेव अजून त्याविरुद्ध आहेत.

आयरीनबाई पुढे आल्या. त्यांनी बोटाने बॉनेटवरचा हिरवा पुसून पाहिला, बोट पदराला पुसले, आणि फादरकडे वळल्या.

"फादर, तुमचं पाणी राहू द्या. ह्याला नळाचं पुरे."

इमारतीच्या वाहनतळातून पाइप आला. लुगड्यांचे काष्टे घट्ट खोचून बायका ट्रकभोवती लागल्या, आणि बॅण्डवाल्यांना काय वाजवावे हे न कळल्यामुळे त्यांनी लग्नातले काहीतरी वाजवले. सहदेव टपावर चढून वरून पाणी सोडीत होते. ज्या रंगात त्यांचा अर्धा जन्म गेला तो गटाराकडे वाहत जाताना ते पाहत होते, आणि इतका वेळ पाहत राहिले की एकीने खालून ओरडून पाइप पुढे सरकवायला सांगितले. ह्युबर्ट कोट काढून चाके धूत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मग पेंढ्या चढल्या. धुतलेला, निळा, अजून थेंब गाळणारा शक्तिमान पहिल्या फटक्यात सुरू झाला आणि बैलाच्या चालीने चर्चपर्यंत गेला. समितीने त्याच संध्याकाळी खळ्यातली जागा मंजूर केली. अट मोडली होती की पाळली होती यावर चर्चा झाली. पेंढ्या चढल्या तेव्हा गाडी निळी होती, यावर ती मिटली.

इसाबेल आजींनी मात्र ह्युबर्टचा खुलासा स्वीकारला नाही. डिस्टेंपर असेल, त्या म्हणाल्या, पण मिरांडाच्या तोंडून खरे निघाले, ते कोणी काढले? दर शनिवारी आंब्याखाली, निळ्या बॉनेटसमोर, दोन-चार मेणबत्त्या दिसू लागल्या. लवकरच एक हारही आला. चित्रनगरीतून पुन्हा बोलावणे आले तेव्हा समितीने नम्रपणे कळवले की आमची गाडी युद्धाला जात नाही. ज्या ट्रकला सैनिक म्हणून जगवायचे होते त्याला ह्युबर्टनी असा जगवला, की तो आता सैनिक होऊ शकत नव्हता. गॅसकटर टळला, आणि संन्यास घडलाच.

ह्युबर्ट शनिवारी इंजिन सुरू करायला खळ्यात जातात. तेल पाहायला बॉनेट उचलतात आणि जरुरीपेक्षा बराच वेळ त्याखाली वाकून राहतात. बॉनेटच्या आतल्या अंगाला, जिथे ना नोंदणी अधिकाऱ्याची नजर जाते ना समितीची, त्यांनी पहिल्याच वर्षी खरा हिरवा दिला होता. तेलरंगात, दोन हात. तो पाण्याने जात नाही.

हे सहदेवांना ठाऊक आहे. आयरीनबाईंनाही ठाऊक असले पाहिजे. कारण फाटकाशी लुगड्याची सळसळ ऐकू आली, की त्या आंब्याखालच्या बाकावरून, विणकामातली नजर न काढता, हलकेच म्हणतात,

"झाकण लाव. मेणबत्तीवाल्या आल्या."